पित्ताशयातले खडे: ऑपरेशनची तारीख येईपर्यंत दुखणं कसं सांभाळायचं

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, सर्जननी 'काढून टाकू' असं सांगितलं, पण तारीख मिळाली ती लांबची. पुण्यात हे नेहमीचंच. कुणाचा ससूनमध्ये नंबर लागायचा असतो, कुणाच्या मेडिक्लेमची दोन वर्षं भरायची असतात, कुणाच्या घरात लग्न असतं, तर कुणाची अँजिओप्लास्टी नुकतीच झालेली असल्याने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवता येत नाहीत. मधल्या काळात घरी काय करायचं हे ओपीडीच्या गर्दीत नीट सांगायला कुणाला वेळ नसतो. मी स्वतः यातून गेले आहे, आणि आता ओळखीत कुणाच्या रिपोर्टात खडे निघाले की फोन मला येतो. फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांना काय विचारायचं हे कळावं म्हणून.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. येऊन जाणारी कळ घरी सांभाळता येते. आली आणि जायचं नाव घेत नाही, ती घरी सांभाळायची नसते. पुढचं बहुतेक सगळं या फरकाभोवतीच फिरतं.

आधी रिपोर्ट नीट वाचा

रिपोर्ट फाइलला लावून मोकळे होऊ नका. एक खडा आहे की अनेक, केवढे आहेत, हे सगळेच बघतात. मोठा खडा म्हणजे मोठा धोका असा सरसकट समज आहे, पण बारीक खड्यांना हलकं समजू नका. ते पित्ताशयातून निसटून मुख्य पित्तनलिकेत उतरू शकतात, आणि कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज हे खरे गंभीर प्रकार तिथून सुरू होतात.

खड्यांच्या आकारापेक्षा दोन ओळी जास्त लक्ष देऊन वाचा. पहिली पित्ताशयाच्या भिंतीच्या जाडीची. साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जाड आणि सोबत दुखणं असेल तर सूज असू शकते. दुसरी 'सीबीडी'ची, म्हणजे मुख्य पित्तनलिकेची. ती साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते, वयानुसार थोडी रुंदावते. ती फुगलेली असेल किंवा लिव्हरसाठीच्या रक्ततपासणीत बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल तर नलिकेत खडा आहे का हे बघायला एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, करायला सांगतात. खडा निघाला तर तो बहुतेक वेळा आधी तोंडातून दुर्बीण घालून, ईआरसीपी करून काढतात आणि मग पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. म्हणून सर्जनना स्पष्ट विचारा: "सर, नलिका मोकळी आहे ना? लिव्हरचा रिपोर्ट बघितला ना?" नलिकेत खडा असेल तर महिना-दोन महिने थांबण्याची भाषाच करता येत नाही.

खडे योगायोगाने दिसले असतील आणि तुम्हाला कधीच त्रास झाला नसेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागतही नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

दुखणं ओळखायला शिका

पित्त तयार होतं यकृतात आणि साठतं पित्ताशयात. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोचले की शरीर एक संप्रेरक सोडतं, त्याच्या सांगण्यावरून पित्ताशय आवळतं आणि पित्त खाली ढकलतं. त्याच वेळी एखादा खडा तोंडाशी येऊन बसला, मोरीच्या जाळीवर लिंबाची बी अडकावी तसा, की पित्ताशय जोर लावत राहतं आणि कळ सुरू होते. खडा मागे सरकला की कळ थांबते. खडा मात्र पित्ताशयातच असतो, हे विसरू नका. मध्ये दोन महिने शांत गेले म्हणून 'आता बरं वाटतंय, कशाला ऑपरेशन' असं म्हणून तारीख रद्द करणारे मी कितीतरी बघितले आहेत. एकदा कळा सुरू झाल्या की पुन्हा येण्याचीच शक्यता जास्त.

ही कळ बेंबीच्या वर मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली येते. बऱ्याचदा पाठीत किंवा उजव्या खवाट्यात जाते. पंधरा-वीस मिनिटांत चढते आणि मग एकसारखी दुखत राहते; जुलाबाच्या मुरड्यासारखी थांबून थांबून येत नाही. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते. रात्रीच्या जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा थेट झोपेतून उठवून येणं ही तिची खास सवय. माणूस एका जागी राहू शकत नाही. उठतो, बसतो, गॅलरीत फेऱ्या मारतो, पुन्हा आडवा होतो. उलटी होते, पण उलटीने मोकळं वाटत नाही.

घरात बहुतेक वेळा याला ॲसिडिटी किंवा गॅस म्हणतात आणि इनो, जेलुसिल, पँटोप्राझोल असा क्रम सुरू होतो. त्याने या कळेला काही होत नाही. पण इथे एक गोष्ट बजावून सांगते: चाळिशीपुढच्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाला पोटाच्या वरच्या भागात दुखतंय, घाम सुटलाय, धाप लागलीये, जबडा किंवा डावा हात दुखतोय, तर 'माझे खडे आहेतच' म्हणून घरी बसायचं नाही. हृदयविकाराचा झटका असाही येतो. खडे असलेल्या माणसाला हार्ट अटॅक येत नाही असा काही नियम नाही. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात.

एक वही ठेवा, मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल. कळ कधी सुरू झाली, कधी थांबली, आधी काय खाल्लं होतं, कोणती गोळी किती वाजता घेतली, ताप होता का. दोन फायदे आहेत. तुमच्या पोटाला काय चालत नाही हे तुमच्याच नोंदीतून दिसतं, कारण सगळ्यांचं सारखं नसतं. आणि कळा वाढत असतील तर तारीख अलीकडे आणा म्हणायला हातात काहीतरी असतं. "सर, खूप दुखतं हो" यापेक्षा तारीखवार लिहिलेलं पान डॉक्टर जास्त लक्ष देऊन बघतात.

औषधाची चिठ्ठी आधीच लिहून घ्या

मध्यरात्री मेडिकलवाल्याला 'पोटात दुखतंय, काहीतरी द्या' म्हणायची वेळ येऊ देऊ नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून लिहूनच घ्या: कळ आली की कोणती गोळी, किती, पुन्हा किती तासांनी, चोवीस तासांत जास्तीत जास्त किती, आणि कशानंतर गोळी न घेता थेट यायचं.

पित्ताशयाच्या कळेवर डायक्लोफेनॅकच्या जातीची वेदनाशामकं चांगली लागू पडतात. पण ती सगळ्यांना चालत नाहीत. किडनीचा त्रास, अल्सर, काही प्रकारचा दमा, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर आधी सांगा. शेजारच्या काकांना चालली म्हणून तुम्हाला चालेल असं नाही. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर गुदद्वारातून ठेवायची सपोझिटरी मिळते. संकोच बाजूला ठेवून विचारा, त्या वेळी फार उपयोगी पडते. डायसायक्लोमिन, ड्रोटाव्हेरिन, हायोसिन ही पोटातला आवळ सैल करणारी औषधंही देतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डायसायक्लोमिन किंवा हायोसिन घेण्याआधी विचारायला हवं.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत गफलत होते ती जोडगोळ्यांमुळे. सायक्लोपामच्या गोळीत डायसायक्लोमिनसोबत पॅरासिटामॉल असतं, कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेनसोबत असतं, आणि वरून डोलो घेतली की तेच औषध दोनदा पोटात जातं. निरोगी मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. यकृताचा आजार, दारू, कमी वजन असेल तर त्याहूनही कमी. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा.

खडे विरघळवणाऱ्या गोळ्यांबद्दल हमखास विचारलं जातं. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड नावाचं औषध आहे, पण ते ठरावीक प्रकारच्या, बारीक खड्यांवरच काम करतं, त्यालाही महिनोन्महिने लागतात आणि औषध थांबल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. ऑपरेशनची वाट पाहणाऱ्याची कळ त्याने थांबेल या भरवशावर राहू नका.

कळ आली, आता काय?

पहिलं काम घड्याळ बघायचं. खरंच, गोळी शोधण्याआधी वेळ लिहा. दुखत असताना माणसाला वेळेचा अंदाज राहत नाही. अर्धा तास दोन तासांसारखा वाटतो, किंवा गोळीच्या गुंगीत चार तास निघून जातात.

मग ठरलेली गोळी लगेच घ्या. 'बघू थोडा वेळ, कमी होतं का' असं करत कळ टिपेला पोचू दिली की उलट्या सुरू होतात आणि गोळी आत राहत नाही. खाणं पूर्ण बंद. आपल्याकडे दुखणाऱ्या माणसाला काहीतरी भरवल्याशिवाय चैन पडत नाही. रिकाम्या पोटी गोळी कशी देऊ म्हणून आमच्या सासूबाई ग्लासभर गरम दूध घेऊन उभ्या राहायच्या, तेही म्हशीचं. त्या दुधातली चरबी पोचली की पित्ताशय आणखी आवळणार. गोळीसोबत काही हवंच असेल तर एखादी साधी लाही, कुरमुरे, अर्धी कोरडी भाकरी. पाणी घोट घोट.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून उजव्या बरगडीखाली ठेवा. खडा हलत नाही, पण स्नायू सैलावतात आणि बरं वाटतं. गुंगीत असताना पिशवी ठेवून झोपू नका, कातडी भाजते. ताठ आडवं पडण्यापेक्षा बरेच जण उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात किंवा कुशीवर गुडघे पोटाशी घेतात. मला खुर्चीवर उलटं बसून पाठीवर हात ठेवून घेणं सोसवायचं. तुम्हाला जे सोसवेल ते करा, यात शास्त्रशुद्ध आसन असं काही नाही. लांब श्वास सोडत राहिलात तर निदान घाबरून धाप लागत नाही.

आणि घरातल्या कुणाला तरी उठवा. 'कशाला झोपमोड' हा विचार विशेषतः बायका करतात. एकट्याने रात्र काढायची नाही. ताप बघायला, डोळे बघायला, गाडी काढायला माणूस लागतो. पीजीत किंवा कॉट बेसिसवर राहत असाल तर रूममेटला आजच, दुखत नसताना सांगून ठेवा की मला असा त्रास आहे आणि उठवलं तर उठ.

कळ थांबल्यावर काही तास पोटाला विश्रांती द्या. मग पेज, मऊ भात, पातळ वरण. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं वाटतं, बरगडीखाली ठणका उरतो. तो हळूहळू कमी होत गेला पाहिजे. वाढत असेल तर पुढचा भाग वाचा.

कधी घरी थांबायचं नाही

कळ पाच तासांपलीकडे गेली तर निघा. गोळीने थांबली आणि अंमल उतरताच तेवढ्याच जोराने परत आली, तरी निघा; गोळीवर गोळी घेत पाच तासांची मर्यादा लांबवायची नसते. ताप किंवा थंडी वाजून येणं, डोळे पिवळे दिसणं, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं, शौचाचा रंग पांढुरका होणं, पाणीही पोटात न टिकणं, पोटाला हात लावू न देणं, आरपार पाठीत जाणारी असह्य वेदना, ग्लानी. यांतलं एक जरी असलं तरी सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका. कळ, कावीळ आणि हुडहुडी ही तिन्ही एकत्र आली तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि तो तासांच्या हिशेबात बिघडतो. डोळे दिवसाच्या उजेडात किंवा पांढऱ्या दिव्याखाली बघा, पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही. वयस्कर आणि मधुमेही माणसांत दुखणं कमी आणि आतला बिघाड जास्त, असंही होतं. 'आजोबा फार काही म्हणत नाहीत, नुसते गप्प पडलेत' हे अशा वेळी चांगलं लक्षण नाही.

कुठे जायचं हे आज ठरवा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. ससूनचा अपघात विभाग चोवीस तास चालू असतो. पिंपरीकडच्यांना वायसीएम हे महापालिकेचं रुग्णालय जवळ पडतं. खासगीत जाणार असाल तर दिवसा एक फोन करून विचारा की रात्री सर्जन येतात का, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी रात्री होते का. नुसता बोर्डावर 'चोवीस तास' लिहिलेला असणं वेगळं. जिथे ऑपरेशन ठरलंय तिथेच गेलात तर तुमचे कागद तिथे असतात, हा मोठाच फायदा.

पेठांत राहणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तुमची वाट बघण्याची मुदत गणपतीत येत असेल, तर विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता मिरवणुकीने बंद असतात, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. पालख्या शहरात असतानाही तेच. खड्यांचा त्रास चालू असेल तर त्या दोन दिवसांपुरतं नदीपलीकडे बहिणीकडे नाहीतर मामाकडे मुक्काम टाकलेला बरा. अतिरेक वाटेल, पण सदाशिव पेठेतून रात्री अकराला ढोलपथकांमधून गाडी काढून बघा म्हणजे पटेल.

ॲडमिट व्हावंच लागलं तर एक प्रश्न जरूर विचारा: "याच ॲडमिशनमध्ये ऑपरेशन होईल का?" पूर्वी सूज आली की ती उतरू द्यायची आणि सहा आठवड्यांनी बोलवायचं, अशी सर्रास पद्धत होती. आता तब्येत परवानगी देत असेल तर सूज आल्यापासून पहिल्या काही दिवसांतच ऑपरेशन करण्याकडे कल आहे. खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आली असेल तरी ती उतरल्यावर, घरी सोडण्याआधीच पित्ताशय काढावं असं सांगितलं जातं. तुमच्या बाबतीत ते शक्य नसेल तर का नाही हे समजून घ्या.

जेवण: तेलाचा चमचा हातात घ्या

खड्यांवर आहाराने उपाय होत नाही. आहाराने फक्त पित्ताशयाला एकदम जोरात आवळायचं निमित्त मिळत नाही, आणि तेवढंच आपल्याला हवं असतं. त्यामुळे 'तेल पूर्ण बंद' करून वाळून जायची गरज नाही. जे खाऊन कळ येते ते बंद, आणि बाकी चरबी कमी करून दिवसभरात वाटून.

मराठी घरातली अडचण अशी की चरबी दिसत नाही. 'आम्ही तळलेलं खातच नाही' म्हणणाऱ्यांच्या भाजीत दाण्याचं कूट, आमटीत ओलं खोबरं, चटणीत तीळ नाहीतर सुकं खोबरं, भाकरीवर लोण्याचा गोळा असतो. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल. मूठभर खारे दाणे, साधारण ३० ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे तेल पिण्यासारखं. दुधाच्या पिशवीवरचा आकडा वाचा: फुल क्रीम म्हणजे ६ टक्के स्निग्धांश, टोन्ड ३, डबल टोन्ड दीड. घरात म्हशीचं दूध येत असेल तर तापवून, गार करून, साय काढून घ्या.

फोडणीसाठी मी बरणीतून थेट तेल ओतणं बंद केलं आणि कढईशेजारी चहाचा चमचा ठेवला. एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम तेल बसतं. चौघांच्या भाजीला दोन चमचे तेल पुरतं, मोहरी तडतडते, हिंग फुलतो, भाजी करपू नये म्हणून झाकणावर पाणी ठेवायचं. पडवळ, दोडका, दुधी, घोसाळं, लाल भोपळा यांना मुळात जास्त तेल लागतच नाही. वांग्याला लागतं, म्हणून भरली वांगी ऑपरेशननंतर. मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, लोणी काढलेलं ताक, इडली, उकडलेल्या अंड्यातलं पांढरं, साधी वाफवलेली मासळी हे सगळं सहसा सोसतं. आणि खरा संघर्ष होतो तो तुपावरून. "अगं, नुसता वरण-भात घशाखाली उतरतो का? एक धार तरी घे," असं सासूबाईंनी म्हटलं की नाही म्हणणं जड जातं. मी अर्धा चमचा मोजून घ्यायचे. धार मोजता येत नाही, चमचा येतो.

बाहेरचं खाणं हे पुणेकराचं दुखणं. मिसळीच्या तर्रीवरचा तो लाल तवंग, बटाटेवडा, बाकरवडी, मस्तानी, श्रूजबेरी बिस्किटं, लग्नाच्या पंगतीतली बासुंदी. काही काळ रामराम. मेसवर जेवणाऱ्या मुलांनी मावशींना सांगून ठेवावं की माझी भाजी वरचा रस्सा न घेता खालून वाढा आणि पोळीला तेल नको. बहुतेक मावशी ऐकतात. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवं होणं टाळा. हिंजवडीहून ट्रॅफिकमधून दहाला घरी पोचणाऱ्यांना हे जमत नाही हे माहीत आहे. त्यांनी संध्याकाळी ऑफिसातच पोहे-उपम्याची छोटी वाटी किंवा घरची पोळी-भाजी खाऊन घ्यावी आणि घरी आल्यावर हलकं काहीतरी.

उपवासाचं मुद्दाम वेगळं लिहिते, कारण त्यात दुहेरी फटका आहे. दिवसभर काही खाल्लं नाही की पित्त पित्ताशयात साचून घट्ट होतं. आणि मग संध्याकाळी दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे तळलेले पापड, साबुदाणा वडा. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण काय उगीच आली? संकष्टीला चंद्रोदयापर्यंत कडक उपवास धरणाऱ्यांनी तारीख होईपर्यंत तो सोडलेला बरा. धरायचाच असेल तर वरीचे तांदूळ, राजगिऱ्याच्या लाह्या, फळं, साय काढलेलं दूध, थोडं थोडं. झटपट वजन उतरवणारे डाएटही याच कारणासाठी नकोत. आठवड्याला दीड किलोहून जास्त वेगाने वजन उतरलं तर खडे वाढण्याचा धोका असतो.

लोक जे सांगतील त्याबद्दल

हुलग्याचं कढण, पानफुटीची पानं, बार्लीचं पाणी, बिअर. हे सगळं मुतखड्यावर म्हणून सांगतात, आणि आपल्याकडे खडा म्हटला की सगळे खडे एकच. मुतखडा लघवीवाटे बाहेर पडू शकतो, म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगतात. पित्ताशयातला खडा 'पाडायचा' म्हणजे तो नलिकेत ढकलायचा, आणि आपल्याला नेमकं तेच नको आहे. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन सकाळी हिरवे गोळे पडल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. ते गोळे खडे नसतात. तेल आणि रसापासून पोटातच तयार झालेले साबणासारखे गोळे असतात. वर कपभर तेल रिकाम्या पोटी प्यायल्याने कळ येते ती वेगळीच.

काढे घेत असाल तर सर्जनपासून लपवू नका. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. तुमच्या लिव्हरचे आकडे ऐन वेळी वाढले आणि कारण कळेना, तर ऑपरेशन पुढे जातं.

पैशांची कामं याच काळात

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हेल्पलाइन १५५३८८. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड, आधार आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आधी त्याला भेटा आणि हेच ऑपरेशन त्याच रुग्णालयात योजनेतून होतं का हे नेमकं विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो तहसील कार्यालयातून एका फेरीत मिळेलच असं नाही, म्हणून आजच अर्ज टाका. पुणे महापालिका हद्दीत राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनी शहरी गरीब योजनेची चौकशीही करावी.

मेडिक्लेमवाल्यांनी पॉलिसीत पित्ताशयाच्या खड्यांची प्रतीक्षा मुदत किती आहे ते शोधा. बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत ती दोन वर्षं असते, कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा नसते. केसपेपरवर 'त्रास कधीपासून' हे लिहिताना खरं आणि नेमकं सांगा. दोन महिन्यांचा त्रास 'फार वर्षांपासून हो' असं सवयीने बोलून गेलात तर तेच लिहिलं जातं आणि क्लेमच्या वेळी तेच वाचलं जातं. मुदत संपायला अवकाश असेल आणि कळा वाढत असतील, तर क्लेमसाठी अंगावर काढू नका. सूज आल्यावर किंवा नलिका अडल्यावर होणारा खर्च ठरवून केलेल्या ऑपरेशनपेक्षा जास्त असतो आणि मुदतीआधी तोही विमा कंपनी नाकारू शकते.

तारीख जवळ आली की

ऑपरेशन बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं: पोटावर तीन-चार छोटी छिद्रं, पूर्ण भूल, बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी. भारतात हे १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी सुरू केलं; आता तालुक्याच्या गावीही होतं. क्वचित आत चिकटलेलं असेल तर पोट उघडावं लागतं, आणि संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं. त्याला घाबरून जाऊ नका, पण सही करण्याआधी वाचा.

फिटनेससाठी रक्त, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे सांगतात. भूलतज्ज्ञांना सगळ्या गोळ्यांची यादी द्या, डाएटची पावडर आणि वजन उतरवायच्या इंजेक्शनसकट. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेहाची गोळी कधी थांबवायची हे तेच सांगतील. मनाने थांबवू नका आणि मनाने चालूही ठेवू नका. विडी-सिगारेट-मिश्री आजपासून बंद केली तर भुलीनंतर छाती कमी त्रास देते. रोज अर्धा तास चाला, पर्वतीच्या पायऱ्या नकोत, सपाटीवर पुरे.

आदल्या रात्रीचं जेवण हलकं. घन पदार्थ किती वाजेपर्यंत आणि पाणी किती वाजेपर्यंत हे वेळेसकट लिहून घ्या; सर्वसाधारणपणे घन अन्न सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधी बंद करायला सांगतात, चहा दुधाचा असल्याने तो पाण्यात धरत नाहीत. सर्दी, खोकला, ताप असेल तर आदल्या दिवशीच फोन करा. तारीख पुढे गेली तर चिडचिड होईल, पण फोन ठेवण्याआधी नवी तारीख आणि तोपर्यंतच्या गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही मागून घ्या.